‘इतर हक्कां’चा रकाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



सातबाराचा उतारा हाताळला नाही असा कार्यकर्ता या अभ्यासवर्गात बहुधा नसेल. तथापि तो वाचण्याची रीत ठरून गेलेली आहे. डाव्या बाजूस भोगवटादाराचे नाव पाहावयाचे, क्षेत्र आणि आकार पाहावयाचा, गाव नमुना बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक दाखविले आहे ते पाहावयाचे आणि कागदाची घडी घालून तो खिशात ठेवावयाचा. उजव्या बाजूस आणखी एक रकाना असतो. छापील नमुन्यात तो कूळ, खंड व इतर अधिकारांचा. लोकांच्या तोंडी तो ‘इतर हक्कां’चा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा तेवढा तेथे शोधला जातो, कारण कर्ज देणाऱ्याला तो हवा असतो. गावातील दुबळ्यांचे जमिनीशी असलेले नाते मात्र याच रकान्यात राहते. किंवा, खरे म्हणजे, बहुतेक वेळा तेथे लिहावयाचे राहून जाते. आजचे विवेचन या लिहावयाच्या राहून गेलेल्या गोष्टीपुरते आहे.

प्रथम हा कागद कशासाठी जन्माला आला ते ध्यानात घेतले पाहिजे. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी व जमाबंदीचे काम सुरू केले. शेत कोणाच्या मालकीचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. सारा किती आणि कोणाकडून घ्यावयाचा, हा होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानेही तीच दृष्टी ठेवली. हक्कनोंदणीचे स्वतंत्र दप्तर १९०३ च्या कायद्याने आले आणि ते १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने पुढे चालविले. या संहितेचे कलम १५७ सांगते की, हक्कनोंदणीतील प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी. विरुद्ध पुरावा येईपर्यंत, एवढेच. फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पुन्हा एकदा स्पष्ट केले. तरीही सातबारा म्हणजे मालकी ही समजूत गावोगाव एवढी घट्ट आहे की, तिच्या जोरावर भावाने भावाला आणि सावकाराने कुळाला पिढ्यान्‌पिढ्या घाबरविले आहे.

मग मालकी असते कोठे? खरेदीखतात, असे उत्तर येते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. नोंदणीचा कायदा १९०८ चा. परंतु दुय्यम निबंधक नोंदवितो तो दस्त, हक्क नव्हे. मुद्रांकशुल्क भरले आहे काय, सही करणारा तोच आहे काय, साक्षीदार हजर आहेत काय, हे तो पाहतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी याचा न्यायनिवाडा करणे त्याचे काम नाही. म्हणजे तहसील कचेरीत एक शिक्का बसतो, नोंदणी कचेरीत दुसरा बसतो, आणि राज्य दोन्हीकडे शुल्क घेऊन एकीकडेही हमी देत नाही.

शहरातील साथींनी यावर हसू नये. मुंबई-पुण्याच्या हजारो इमारतींत राहणाऱ्यांकडे सदनिकेचा करारनामा असतो, पण पायाखालची जमीन अद्याप बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावे असते. १९६३ च्या सदनिका कायद्याने जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचे कर्तव्य बिल्डरवर घातले. ते त्याने पाळले नाही म्हणून २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. कर्तव्य चुकविणाऱ्याला वठणीवर आणण्याऐवजी चुकवेगिरी घडणारच हे गृहीत धरून रहिवाशांना अर्ज करावयास लावणारी ही तरतूद आहे. पण निरुपयोगी नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. शेताला वाट लागते. एवढी साधी गोष्ट, परंतु तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात जमिनीवरून जी भांडणे येतात त्यांत शेतरस्त्याची भांडणे सदैव आढळतात. याचे कारण भाऊबंदकी किंवा खेडुतांचा हेकटपणा, असे सांगण्याची सुशिक्षितांना सवय आहे. कारण त्याहून खोल आहे. मूळ गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखविलेली असते. त्या नकाशानंतर सर्व्हे नंबरांचे पोटहिस्से पडले, १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण होऊन गट पडले, गटांचेही पुन्हा तुकडे झाले. जमीन वाटली गेली. वाट वाटणीत आलीच नाही. वीस एकरांचे चार भाग झाले की रस्त्याकडेचा भाग वजनदार भावाकडे जातो आणि आतला धाकट्याकडे, सावत्राकडे किंवा विधवा भावजयीकडे. बाप होता तोवर सगळे एकाच बांधावरून जात. कोणी लिहून ठेवण्याचे कारणच नव्हते. पुढे रस्त्याकडेची जमीन परक्याला विकली जाते. खरेदीखतात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असे सारे वैभव ओळीने लिहिलेले असते, आणि जमीन निर्वेध व बोजारहित असल्याची ग्वाहीही असते. आतल्या शेताची वाट तिच्यातून जाते हे मात्र त्यात नसते. नवा मालक तारेचे कुंपण घालतो. विचारले तर खरेदीखत दाखवितो, आणि त्या कागदापुरते त्याचे म्हणणे बरोबर असते.

कायद्यात यावर काहीच नाही असे नव्हे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ पासून मुंबई इलाख्याला लागू झाला. एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर जो हक्क चालतो तो सुविधाधिकार: वाटेचा, पाटाच्या पाण्याचा, उजेडाचा, पन्हळीचा. त्याच्या कलम १३ प्रमाणे एकत्र मालमत्तेची वाटणी झाली आणि एका हिश्श्यात जाण्यास दुसऱ्या हिश्श्यातूनच वाट असेल, तर ती वाट गरजेपोटी मिळते. वाटणीपत्रात अक्षर नसले तरी मिळते. मात्र न्यायालये येथे गरज म्हणजे निव्वळ गरज मानतात. दोन मैलांचा वळसा घालून ओढ्यातून का होईना, दुसरी वाट असेल तर हा हक्क उरत नाही. पावसाळ्यात त्या ओढ्याला पूर असतो, हे सिद्ध करण्याचे ओझे आतल्या शेतकऱ्यावर येते.

दुसरा मार्ग कलम १५ चा, वीस वर्षांच्या वहिवाटीचा. यातील एका शब्दावर थोडे थांबले पाहिजे. वहिवाट शांततेने, उघडपणे, अखंड आणि ‘हक्क म्हणून’ झालेली असावी लागते. परवानगी घेऊन गेलेला माणूस हक्काने गेला असे होत नाही. कायद्याच्या भाषेत ती केवळ अनुज्ञा, आणि अनुज्ञा देणारा ती बहुधा काढूनही घेऊ शकतो. आता हा नियम गावात आणून पाहा. बांधावरून कोणालाही न विचारता, मिशीला पीळ देत जो वीस वर्षे गेला त्याला हक्क मिळतो. जो प्रत्येक सुगीला वाड्यावर जाऊन, पायरीखाली उभा राहून, “मालक, गाडी नेऊ का?” असे विचारीत राहिला त्याला वीस काय, चाळीस वर्षांनीही हक्क मिळत नाही. इंग्लंडमधील बरोबरीच्या जमीनदारांसाठी घडलेले हे तत्त्व जातीच्या उतरंडीवर बसलेल्या गावात आले, आणि ज्याला विचारल्यावाचून पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्याचे विचारणेच त्याच्या विरुद्ध पुरावा झाले. शिवाय या वीस वर्षांचे साक्षीदार कोण? ज्यांची स्वतःची वाट त्याच मालकाच्या बांधावरून जाते, ते.

म्हणून दिवाणी दाव्यापूर्वीचे दोन उपाय कार्यकर्त्यांना तोंडपाठ असावेत. पहिला संहितेच्या कलम १४३ चा: एका सर्व्हे नंबरातील जमीनधारकाला दुसऱ्या सर्व्हे नंबरांच्या बांधावरून वाट हवी असेल, तर तहसीलदार चौकशी करून निर्णय देतो. वाजवी वाट किती लागेल आणि दुसऱ्याचे नुकसान किती होईल, हे त्याने पाहावयाचे असते. दुसरा १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा. चालू असलेली वाट कोणी नांगरली, चर खोदला, काटे टाकले, तर त्याच्या कलम ५ खाली अडथळा दूर करण्याचा आदेश मिळतो. या दोहोंत गल्लत केल्यामुळे कितीतरी अर्ज फेटाळले जातात. वाट नाही आणि हवी आहे, त्याला १४३. वाट होती आणि अडविली, त्याला १९०६ चा कायदा. या दुसऱ्या उपायाची मुदत सहा महिने आहे. पेरणीला गाडी निघते तेव्हा वाट मोडल्याचे कळते. मग भाऊबंद मध्ये पडतात, पोळा होतो, गणपती होतात, “दिवाळीला सगळे गावी येतील तेव्हा बसू” असे ठरते. बैठक मोडते आणि मुदतही संपत आलेली असते. समजुतीने मिटविण्याला पक्षाचा विरोध असण्याचे कारण नाही. अर्ज दाखल करून मग समजूत घालावी.

१४३ खालचा निर्णय मान्य नसणाऱ्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. याचा दुसरा अर्थ असा की, वाट मिळाल्यावर तिची नोंद ‘इतर हक्कां’त न करता निकालाचा कागद पेटीत ठेवला, तर पुढच्या खरेदीदारापुढे तोच तंटा नव्याने उभा राहतो. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्त्यांविषयी निर्णय काढला. रस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा, कारण बैलगाडीच्या मापाच्या वाटेवरून ट्रॅक्टर व कापणीयंत्र जात नाही. आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात घ्यावी, असा त्याचा रोख आहे. सत्तेवर कोण आहे हे पाहून या निर्णयाकडे पाठ फिरविणे अप्पलपोटेपणाचे होईल. जी गोष्ट मागावयाची तीच येथे लिहून आली आहे. मात्र ती अर्ज करणाऱ्याला मिळते, आणि अर्ज कोण करतो हे सर्वांस ठाऊक आहे.

याच रकान्यात आणखी एका माणसाला बसविण्याचा प्रघात महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालला. बाप वारला की मुलांची नावे भोगवटादाराच्या सदरी चढतात आणि मुलींची, कधी आईचेही, ‘इतर हक्कां’त. म्हणजे ज्या रकान्यात शेजाऱ्याची वाट आणि सोसायटीचा बोजा, तेथेच बहीण. कायद्याने ती सहहिस्सेदार आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, केंद्राने २००५ साली, आणि बाप २००५ पूर्वी वारला असला तरी मुलीचा हक्क जन्मतःच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तेव्हा तिचे स्थान डावीकडे, भावाच्या ओळीत. ‘इतर’ या शब्दाने तिला पाहुणी ठरविले, आणि पुढील पायरी म्हणजे हक्कसोडपत्र. भाऊबीजेच्या ओवाळणीत त्याची भरपाई झाली असे मानण्याची पद्धत आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा पक्का दस्त आहे. फसवणूक वा दडपण सिद्ध केल्याखेरीज तो फिरत नाही, आणि माहेर तुटण्याच्या भीतीला न्यायालयात दडपण म्हणून सिद्ध करणे फार कठीण. समाजवादी म्हणविणाऱ्या घरांतही असे दस्त झालेले आहेत, हे या ठिकाणी बोलले नाही तर कोठे बोलावयाचे?

या रकान्यात हक्कांप्रमाणे बंधनेही येतात. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला मालक मानले आणि त्याबरोबर कलम ४३ ची शर्त घातली: परवानगीखेरीज विकावयाचे नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली आणि जमिनी परत मिळाल्या त्या नव्या अविभाज्य शर्तीवर. हेतू स्वच्छ होता. ज्याच्या हाती पिढ्यांनंतर जमीन आली, त्याच्या हातून ती पहिल्याच दुष्काळात सावकाराने काढून घेऊ नये. व्यवहारात ही शर्त गरिबाला नडते आणि मोठ्याला नडत नाही. लेकीच्या आजारपणात विकणाऱ्याला परवानगी मिळत नाही. शहर जवळ आले की त्याच जमिनीवर साध्या कागदावर विसार होतात आणि परवानग्या आपोआप चालत येतात. कुळाच्या जमिनींपुरती ही अट २०१४ साली सैल झाली. दहा वर्षांनंतर आकाराच्या चाळीस पट भरून ती सुटते. ती सैल करावी की नाही यावर चळवळीत दोन मते आहेत आणि दोहोंत तथ्य आहे.

खाजगी शर्तींचे प्रकरण निराळे आणि अधिक धोक्याचे. १८४८ साली लंडनच्या लेस्टर चौकातील बागेच्या खटल्यात न्यायालयाने ठरविले की, बाग मोकळी ठेवण्याची शर्त ठाऊक असून जो जमीन विकत घेतो त्यालाही ती बांधील आहे. आपल्या १८८२ च्या कायद्यातील कलम ४० मध्ये त्याच विचाराचे प्रतिबिंब आहे. चौकातील झाडे वाचविणारे हे हत्यार अमेरिकेत काळ्या माणसाला वस्तीबाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले. सेंट लुईस शहरातील अशा एका करारावर १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: शेजाऱ्यांनी आपसात करार पाळला तर पाळोत, परंतु न्यायालयाने तो बजावून देणे हे राज्याचे कृत्य ठरते आणि ते घटनेच्या समतेविरुद्ध आहे. भारतात २००५ साली अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्थेचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम संघटनस्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरविला. पारशांसारख्या अल्पसंख्य समाजाची चिंता समजू शकते. पण तोच आधार घेऊन मुंबईत मांसाहारी, मुसलमान आणि दलित यांना दार बंद होते तेव्हा ती चिंता कोणाची असते?

या सगळ्या गोंधळावर अलीकडे एकच तोडगा सांगितला जातो: राज्याने मालकीची हमी द्यावी. रॉबर्ट टॉरेन्स हा दक्षिण ऑस्ट्रेलियात जकातीचा अधिकारी होता. जहाजांची मालकी जशी नोंदवहीवरून ठरते तशी जमिनीचीही ठरावी, असा कायदा त्याने १८५८ साली करविला. नोंदवहीत नाव असेल तो मालक, चूक झाली तर भरपाई. पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. दि. च. वाधवा यांनी नियोजन आयोगासाठी १९८९ साली दिलेल्या अहवालात भारताने हीच वाट धरावी असे सुचविले. त्यांचा मूळ मुद्दा बिनतोड आहे: मालकी सिद्ध करण्याचा खर्च गरिबाला पेलत नाही. हमीच्या पद्धतीला तत्त्वतः विरोध करणे म्हणजे वकील आणि दलाल यांची बाजू घेणे होईल.

परंतु टॉरेन्सची नोंदवही उघडली तेव्हा पहिल्या पानावर ब्रिटिश राजाने दिलेली सनद होती. त्या भूमीवर हजारो वर्षे राहिलेल्या आदिवासींचे नाव एकाही पानावर नव्हते. नोंदच नसल्याने हक्कही नाही. तो हक्क मानण्यास तेथील उच्च न्यायालयाला १९९२ चा माबो खटला यावा लागला. कोऱ्या रकान्यावर हमीचा शिक्का बसला की रकान्याबाहेरचे सारे पुसले जाते, ते असे. आंध्र प्रदेशाने हमीचा कायदा केला आणि २०२३ साली तो अमलात आणला. जमिनी हातच्या जातील या धास्तीने तो निवडणुकीचा प्रश्न झाला आणि २०२४ साली नव्या विधानसभेने रद्द केला. त्यात अफवाही होत्या. पण हरकतीची मुदत संपली की नोंद अंतिम, आणि दिवाणी न्यायालयाऐवजी अधिकाऱ्यांची साखळी, ही भीती निराधार नव्हती. महाराष्ट्रातही उद्या असे विधेयक येऊ शकते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाट, बहीण, कूळ, गायरानावरची वहिवाट ही सगळी कागदावर यावी, आणि मग हमी.

तोवरचे काम गावपातळीवरचे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कचेरीतून घ्यावा आणि आतल्या शेतांची यादी करावी: कोणत्या गटाला वाट आहे, कोणाची तोंडी आहे, कोणाची नाही. जेथे तंटा नाही तेथेच प्रथम जावे. दोन्ही मालक आज बोलते आहेत तोवर संमतीने अर्ज होतो. उद्या त्यांतला एक विकून गेला की होत नाही. घरात वाटणीपत्र व्हावयाचे असेल तेथे ‘जाण्यायेण्याची वाट पूर्वेच्या बांधावरून, इतक्या फुटांची’ हे वाक्य लिहिल्याखेरीज सही होऊ देऊ नये. वारसनोंदीचा अर्ज गेला की बहिणीचे नाव कोणत्या सदरी धरले आहे ते पाहावे, आणि चुकीचे असेल तर फेरफार प्रमाणित होण्यापूर्वीच लेखी हरकत द्यावी. हरकत तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासूनच्या ग्राममहसूल अधिकाऱ्याकडे द्यावयाची आणि पोच घ्यावयाची. नोंद झाली असे तोंडी सांगितले तर विश्वास ठेवू नये. फेरफाराचा क्रमांक मागून घ्यावा, नवा उतारा काढावा आणि उजवीकडचा रकाना स्वतः वाचावा.